अठ्ठावीस दिवस बिनगोळीचे

रबियाचा जीव टांगणीला लागला होता. आठ वर्षांच्या आफियाला दिवसातून दहादा खिडकीपाशी उभं करून ती मोबाइलच्या उजेडात तिच्या घशात डोकवायची. 'आ' करून करून पोरीला जांभया यायला लागल्या होत्या.

वर्षभर तेच चाललेलं. घसा, ताप, अँटिबायोटिक, महिन्याने पुन्हा घसा. सर्जनने टॉन्सिल काढायची तारीखही देऊन टाकली. पण कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या क्लिनिकमधल्या डॉक्टर शर्मिलांनी पोरीची पोटदुखी आणि ढेकरा ऐकून वेगळीच शंका काढली. पोटात एक जिवाणू घर करतो, काहींच्या टॉन्सिलमध्येही तो सापडलाय. घसा त्याच्यामुळेच बिघडतो असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही, पण कापाकापीआधी श्वासाची तपासणी करू, म्हणाल्या. त्याआधी अठ्ठावीस दिवस अँटिबायोटिक बंद, नाहीतर जिवाणू असूनही दिसायचा नाही. काही वाटलंच तर फोन करा, मनाने काही देऊ नका.

मनाने देऊ नका! कुवेतमधल्या कोकणी घराला हे कोण सांगणार? गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत सुक्या बोंबलांशेजारी गोळ्यांची पाकिटं असतातच. एकविसाव्या दिवशी मंडणगडहून इद्रीसभाई आले आणि सासूने नातीच्या घशासाठी पाठवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन गेले. नेमकी त्याच दुपारी आफिया घसा धरून बसली. ताप नव्हता. रबियाने फोन उचलला, ठेवला, स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारल्या आणि एक गोळी देऊन टाकली. एकच. अब्बांना सांगायचं नाही, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी टुणटुणीत झाली आणि रबियाचं चित्त उडालं. भाजी करपली, मीठ दोनदा पडलं. नवरा, नझीर, दुकानातून फोन करून विचारायचा, पोर बरी आहे ना? ती म्हणायची, बरी आहे. तो घाईने फोन ठेवायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी नर्स फुंकायची नळी घेऊन उभी राहिली. महिन्याभरात काही अँटिबायोटिक दिलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. नझीर नाही म्हणाला. ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. आता बोललं तर सगळंच पुढे जाणार, नवरा चारचौघांत तोंडसुख घेणार. न बोललं तर खोट्या कागदाच्या भरवशावर पोर टेबलावर जाणार.

"थांबा," ती म्हणाली. "मी एक गोळी दिलेली. आठवडा झाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रबिया नवऱ्याच्या आवाजाची वाट बघत राहिली. नझीर जमिनीकडे बघत होता.

"मीपण दिलेली," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. आफियाला म्हटलं, अम्मीला सांगू नको."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या गोळीपासून पुन्हा अठ्ठावीस दिवस मोजा, सर्जनशी मी बोलते, म्हणाल्या. रबियाच्या कानात ते धड शिरलंच नाही. आठवडाभर या एवढ्याशा जिवाने आईचं बापापासून आणि बापाचं आईपासून झाकून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

आफियाने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

"सो नाउ आय कॅन टेल?" तिने विचारलं.

रबियाने होकारार्थी मान हलवली.