घागरींची पालकसभा

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावाने गुलाल उधळला होता. पुढच्या चार वर्षांत कचेऱ्या आल्या, साहेब आले, आदेश तर पैशाला पासरी आले. पाऊस मात्र बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा, कारण तीन वर्षं तो इकडे फिरकलाच नाही.

असाच एक आदेश त्या फाल्गुनात आमच्या हायस्कुलात येऊन पडला. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्याबद्दल शिक्षकांनी पालकांशी बोलावं, पालकांनी मुलांशी बोलावं आणि सभा झाल्याचं जिल्ह्याला कळवावं. हेडमास्तर शिवमूर्ती सरांनी तो वाचला, त्याची घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि विंचू झटकावा तसा माझ्याकडे सरकवला.

"बिलकीसबाई, विज्ञान तुमच्याकडं हाय."

"आणि पालक तुमच्याकडे आहेत, सर."

"तुमी बाईमाणूस. बायांशी बोलाल."

"बापांशी कोण बोलणार?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी उदगीरची. या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगितला होता: प्रजननाचा धडा बेडकापर्यंत शिकवायचा. बेडूक झाला की तास संपला, पुढचं मुलं घरी वाचतील. घरी आईबाप म्हणायचे, शाळेत शिकवतील की. अशा रीतीने बेडकाचा संसार नीट समजून घेऊन गावातली माणसं स्वतःच्या संसाराला लागत होती. मला या गोष्टीचा राग यायचा, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे.

रविवारी शाळेत सभा ठेवली. दोन माणसं आली. एकाला वाटलं होतं चारा छावणीची यादी वाचणार आहेत. दुसरा सावलीला झोपायला आला होता आणि तो मात्र शेवटपर्यंत थांबला.

त्याच आठवड्यात माझी शिवकांता शाळेत येईनाशी झाली. 'माझी' म्हणते, कारण नववीच्या वर्गात "बाई, बेडकाचं कळलं, पुढं?" असं विचारणारी ती एकटीच. शाळा समितीचे अध्यक्ष नागप्पा यांची ती थोरली मुलगी. नागप्पांचं किराणा दुकान, गावात शब्दाला वजन, आणि स्वभाव तसा मऊ. पण तो मऊपणा त्यांनी पागोट्याखाली झाकून ठेवलेला.

काय झालं असेल म्हणून मी काळजीत, तर नागप्पांकडून शाळेला जेवणाचं आमंत्रणच आलं. शिवकांताला न्हाण आलं होतं. आमच्या भागात मुलीला पहिली पाळी आली की तिला आंघोळ घालतात, नवी साडी नेसवतात, फुलांनी सजवलेल्या मखरात बसवतात, बाया ओटी भरतात. दारात हलगी वाजते. दुष्काळामुळे तीन वर्षांत गावात ना कुणाचं लग्न वाजलं होतं ना कुणाचं मखर सजलं होतं, त्यामुळे सगळं गाव लोटलं. आंघोळीला पाणी कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. अध्यक्षांना पाणी मिळतं.

शिवकांता मखरात बसली होती. हार घातलेला, कपाळावर विभूती, हात मांडीवर. हलत नव्हती, बोलत नव्हती. बाया कौतुक करून थकत नव्हत्या. "किती गं शांत पोरगी! जरा सुदिक लाजंना." नागप्पा दाराशी उभे राहून उपरण्याने डोळे पुसत होते. मी तिच्याजवळ जाऊन हाक मारली तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लांबच्या गावाला निघालेलं माणूस बघतं. काही विचारणार तेवढ्यात कुणीतरी हातात बुंदीचं ताट दिलं आणि मागच्या रांगेने मला पुढे ढकललं.

निघताना मी नागप्पांना विचारलं, "शाळेत कधी पाठवता?"

"आता कशाची शाळा बाई? सोमवारी रेणापूरचे पाहुणे येणार हायत. नुसतं बघून जातील."

"चौदा वर्षांची आहे ती."

"नुसतं बघणार म्हणलो की. लगीन थोडंच लावतो."

"बरं. परवा मी पालकांची सभा घेतेय. मुलींना पाळीबद्दल आधीच कसं सांगावं, मुलांना काय सांगावं..."

नागप्पांनी कानाला हात लावला. "बाई, असलं बोलणं गावात नको. आमच्या पोरींच्या कानावर आजवर असलं कायबी पडलेलं न्हाई."

त्यांच्या मागे हलगी कडकडत होती. ती कशाबद्दल वाजतेय हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. फक्त त्याबद्दल बोलायचं नाही. मी बुंदी तशीच ठेवून घरी आले.

सभा घ्यायची तर पालक हवेत, आणि पालक एकाच ठिकाणी सापडत होते: टँकरच्या रांगेत. टँकर एक दिवसाआड शाळेच्या मैदानावर यायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी. ते ड्रायव्हर खाजामियाँच्या मनावर आणि टँकरच्या टायरवर अवलंबून. पण रांगेचीही एक गंमत होती. बाया पहाटे घागरी ओळीने मांडायच्या आणि घरी जायच्या. घागर म्हणजेच माणूस. कुणाची घागर कुठे आहे हे साऱ्या गावाला तोंडपाठ, आणि ती कुणी हलवली तर सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

"मग घागरींपुढं बोलणार का?" शिवमूर्ती सरांनी विचारलं.

"तुम्ही एवढंच सांगा की माणसाशिवाय घागर भरली जाणार नाही. भांडणं फार होतात म्हणावं."

हे सांगायला सरांना अडचण नव्हती, कारण भांडणं खरंच होत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घागरीमागे एक बाई उभी होती, आणि प्रत्येक बाई मला शिव्या देत होती. मी बाकावर चढले.

"टँकर येईपर्यंत मी बोलणार आहे. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल घरी जावं."

कोण जातंय नंबर सोडून? इतकी भरगच्च पालकसभा जिल्ह्यात कुठे झाली नसेल.

मी सुरुवात केली. पाळी का येते, पोटात काय असतं, कपडा उन्हात का वाळवायचा. पहिल्यांदा पदर तोंडाला लागले. मग खसखस पिकली. मग गुणाबाई, जिने गावातली निम्मी बाळंतपणं केलीत, ती म्हणाली, "बाई, जरा मोठ्यानं बोला, मागं ऐकू जाईना." मी मुलांबद्दलही बोलले. आवाज फुटतो, मिसरूड येतं, झोपेत कपडे ओले होतात तर तो रोग नव्हे, त्याला घेऊन वैदूकडे पळू नका. यावर तीन-चार बाया एकमेकींकडे अशा बघायला लागल्या की वैदूचं गिऱ्हाईक कोण कोण ते कळलं.

पुरुषमंडळी शाळेच्या भिंतीपलीकडे बिड्या ओढत होती. त्यांच्या बिड्या विझल्या तरी कुणी पेटवेना. एकेक जण भिंतीला कान लावत लावत शेवटी भिंतीवरच येऊन बसला.

तेवढ्यात नागप्पा तरातरा मैदानात आले. "बाई, बंद करा हे! म्या समितीचा अध्यक्ष हाय."

गुणाबाईने कमरेवर हात ठेवला. "अध्यक्ष, रांगंत घागरीबिगर उभं राहायचं न्हाई, सरांचा नियम हाय. घागर धरा न्हाईतर बाजूला व्हा."

सगळ्या हसल्या. नागप्पांना बाजूला होणं अपमानाचं वाटलं. ते रागारागाने पुढे झाले आणि आपल्या बायकोशेजारी जाऊन तिची एक घागर धरून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच धरली असावी. उपडी धरली होती.

त्यांची बायको गौरम्मा त्या दिवशी भलतीच खुशीत होती. मी विचारलं, "मुलीला पाळी यायच्या आधी तुमच्यापैकी कुणी तिला सांगितलं होतं?" गौरम्मा म्हणाली, "सांगायला कशाला पाहिजे बाई? पोरींला आपोआप समज येती. आमच्या शिवकांताचंच बघा की. न्हाण आलं त्या दिवशी आपला कंपास धाकटीला दिला. रिबिनी दिल्या. शेळीला चारा कसा घालायचा ते शिकवत बसली धाकटीला. मला म्हणली, अव्वा, तुला लई तरास दिला. एवढी शहाणी झाली एका दिसात! सासरी जायाची तयारीच की ती."

बायांनी माना डोलावल्या. मी बाकावरून खाली उतरले.

"गौरम्मा," मी म्हटलं, "त्याच्या आधी ती काय करत होती?"

"पाणी आणत व्हती. दोन घागरी घेऊन तलावातल्या झिऱ्यापसून. त्या दिसापसून घागर उचलना झाली. म्हणली, पोटात कायतरी तुटलं. म्या म्हणलं, नाटकं नको करू..."

तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरताना मी पाहिली. गेल्या मार्गशीर्षात तिचे सासरे वारले होते. नागप्पांचं घर लिंगायत. त्यांच्यात मयताला आंघोळ घालतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि सजवून बसवतात. बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. हलगी वाजते. सारं गाव दर्शनाला येतं. मखर कशासाठी असतं हे शिवकांताला कधी कुणी सांगितलं नव्हतं, पण आज्जाला सजवून बसवलेलं तिने पाहिलं होतं.

"अवो!" गौरम्मा नवऱ्याकडे वळली. "पोरगी मरायला बसली व्हती की वो!"

त्याच वेळी वेशीकडून टँकरचा भोंगा वाजला. तीन वर्षांत भोंगा वाजल्यावर कुणी रांगेतली जागा सोडल्याचं ऐकिवात नव्हतं. गौरम्माने सोडली. पदर सावरायचंही भान नव्हतं तिला, धावतच सुटली. नागप्पा मात्र दोन्ही हातांनी घागर धरून तिथेच उभे राहिले, कारण आता पाय कुठे टाकायचा हेच त्यांना कळेना.

खाजामियाँने टँकर आणून लावला. एरवी नळी खाली पडायच्या आत झोंबाझोंबी व्हायची. आज कुणी हलेना. त्याने खाली उतरून सगळ्यांचे चेहरे बघितले. "क्या हुआ बाई? कोई मर गया क्या?"

"नाही मियाँ," मी म्हटलं. "वाचली."

शिवमूर्ती सर घसा खाकरत पुढे आले. नागप्पांनी त्यांनाच धरलं. "सर, पोरींला हे कुणी सांगायचं असतं?"

"पालकांनी," सर म्हणाले.

"आमाला वाटलं तुमी सांगितलं आसंल."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला आमचा बेडूक आठवला. आम्ही सगळ्यांनी मिळून एका चौदा वर्षांच्या मुलीला हार घालून बसवलं होतं, आणि ती बिचारी शहाण्यासारखी मरणाची वाट बघत बसली होती. बुंदीचं ताट हातात घेऊन मीही त्या रांगेत होतेच की.

गौरम्मा तिला हाताला धरून घेऊन आली. वाटेत तिने काय सांगितलं कोण जाणे, पण दोघींचे डोळे लाल होते आणि शिवकांता मधूनच हसत होती, मधूनच हुंदके देत होती. ती थेट बापासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, अव्वा म्हणती मी मरत न्हाई. खरं हाय?"

नागप्पांच्या हातातली घागर खाली गेली. "न्हाई गं माय. कोण म्हणलं तुला तसं?"

"कुणीच कायबी म्हणलं न्हाई. म्हणून तर." ती म्हणाली. "आन तुमी दारात उभं राहून रडत व्हता. तवा माझी खात्रीच पटली."

नागप्पांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "आगं, म्या... तू सासरी जाशील म्हणून रडत व्हतो."

शिवकांताने डोळे पुसले आणि बापाकडे नीट बघितलं.

"मग धाडू नका की," ती म्हणाली.

गुणाबाई आधी हसली, मग रांग हसली, मग भिंतीवरचे बापही हसले. नागप्पा हसता हसता पुन्हा रडायला लागले, आणि या खेपेला त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं नाही. मग अध्यक्षांच्या आवाजात ते म्हणाले, "बाई, पाणी कुठं पळून जात न्हाई. तुमी पुढं बोला." भिंतीवरचे बाप खाली उतरून आपापल्या घागरीशी येऊन उभे राहिले, आणि मी पुन्हा बाकावर चढले.

पाहुण्यांनी सोमवारी येऊ नये असा निरोप खाजामियाँच्याच हाती रेणापूरला गेला.