सवतीच्या मुंग्या

चष्मेवाल्याशी लग्न करून शिंपीण या घरात आली, तेव्हा त्याने तिला एकच गोष्ट सांगितली. "पहिलीने पाळलेल्या मुंग्या आहेत. तेवढ्या सांभाळ." काचेची पेटी, आत ओला कापूस, अंधार राहावा म्हणून वर लाल कागद. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं. मेलेलीपुढे काय करणार, कपाळ! शिंपीण मुकाट्याने मधाचं पाणी घालत राहिली. मुंग्या जगल्या तर आपलंही या घरात बस्तान बसेल, असं तिने मनाशी धरलं होतं. नवरा रोज दुकानातून आला की आधी पेटीपाशी बसायचा. तिच्याशी बोलणं जेवणापुरतं.

एका सकाळी तिने कागद उचलला, तर राणी उताणी पडलेली, पाय आखडलेले. अंगावरून हात फिरवावा तशा मुंग्या तिला चाटत होत्या. मेलेल्या मुंगीला त्या लगेच कोपऱ्यात नेऊन टाकतात, मग हिलाच का नाही?

आता याला काय तोंड दाखवायचं? अंगणात पंख गळलेली एक राणी फिरताना दिसली, तशीच काळी, तशीच टपोरी. देवच पावला म्हणत तिने ती चिमट्याने आत सोडली.

अगं बाई गं! मुंग्या तुटून पडल्या. कुणी पाय धरला, कुणी मिशी. दुपारपर्यंत नव्या राणीचे तुकडे कोपऱ्यात पडले, आणि सगळ्या पुन्हा त्या मेलेलीला चाटायला लागल्या. शिंपीण घाबरून रडली. दुसरीचं असंच होतं की काय, असं तिच्या मनात आलं.

नवरा आला. तिने सगळं सांगून टाकलं. "चुकलं माझं. थांबा, मेलेलीला काढते." तिने झाकण उचललं.

"राहू दे," तो म्हणाला. "ती मेलीय, मला केव्हाचं ठाऊक आहे. अंगाचा वास आहे तोवर यांच्या लेखी ती आहेच. तेच तर बघत बसतो मी."

"अहो, मग मी कोण?"

तिने चिमटा आत घातला, तसा त्याने तिचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तोही थांबवायला.