गच्चीवरची पानवेल

माझी बायको भागीरथा गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर झाडांना पाणी घालत होतो. ती भाचीच्या लग्नासाठी माहेरी, कुरखेड्याला गेली होती. तिचा भाऊ वारलू फोनवर म्हणाला, "भाऊजी, बाई राह्यली नाई. पोरीले हळद लावून राह्यली होती, बसल्याजागी गेली." मी नळ बंद केला आणि खाली उतरलो.

कुरखेड्यालाच अंत्यसंस्कार उरकून मी आणि पुण्याला राहणारा मुलगा हेमराज चंद्रपूरच्या घरी आलो. आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर दोनच घरं आहेत, आमचं आणि कूलर दुरुस्त करणाऱ्या गफ्फारभाईंचं. मी माजरीच्या खाणीतून रिटायर झालो तेव्हा भागीरथानं आमच्या घरावरच्या अर्ध्या गच्चीत बांबू उभे केले होते. पावसाळ्यात वर प्लास्टिक, उन्हाळ्यात ते काढून हिरवी जाळी, आणि पश्चिमेच्या बाजूला ओली पोती. बिल्डिंगचे लोक त्याला ग्रीनहाऊस म्हणत, ती मांडव म्हणायची. आत पालक, वांगी, मिरच्या आणि मधोमध माहेरहून आणलेली पानवेल. बाहेर पारा सेहेचाळीसच्या वर गेला तरी आत ती वेल तग धरून असे. मांडवामुळे खालच्या आमच्या खोल्याही निवत.

पानवेलीला सुतक चालत नाही. भागीरथाच्या माहेरी सुतकातलं माणूस पानमळ्याच्या कुडालासुद्धा हात लावत नाही. लावला तर वेल जळते, असं मानतात. म्हणून आल्या दिवसापासून मी घरातल्या कोणाला गच्चीवर जाऊ दिलं नाही.

हेमराज म्हणाला, "बाबा, मे महिना आहे. पाणी नाई भेटलं तरी जळनच ना. मी जाऊन येतो."

"तू तिचाच पोरगा आहेस ना? तुले नाई का सुतक?"

"मग काय करता?"

मला भीती वाटत होती. आपोआप वाळली असती तर उन्हानं वाळली म्हणता आलं असतं. माझ्या हातानं तिची वेल गेली असती तर ते मला सोसलं नसतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. वाळलेलं सगळं कापून खाली आणावं म्हणून मी विळा आणि रिकामं पोतं घेऊन वर गेलो.

पश्चिमेची पोती ओली होती. पालक मुळापासून बोटभर सोडून नीट कापलेला होता. पानवेलीला वर दोन कोवळी पानं आली होती. गफ्फारभाईंची बायको जमीलाबाई डोक्यावर ओढणी घेऊन हातात पाइप धरून उभी होती.

"तुम्ही होय?" मी म्हटलं.

"नाई तर कोण येईन, भाऊ? सुतक तुमच्या घराले, मले थोडंच आहे."

"रोज येत होत्या?"

"सकाळी अन् दुपारी. भाभी जाताना सांगून गेली होती. ह्यायच्या भरवशावर सोडू नको म्हणे. ते नुसतं पाणी ओततात, पोती भिजवतच नाई."

तसंच होतं. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मी बांबूला धरून उभा राहिलो. जमीलाबाई पाठ करून पोती भिजवत राहिली.

थोड्या वेळानं म्हणाली, "पानं नाई तोडली मी. पालक मात्र खाल्ला. जून होऊन राह्यला होता."

"बरं केलं."

मग तिनं चहाला बोलावलं. भर दुपारी मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. छत भट्टीसारखं तापलं होतं. दारात लोकांचे कूलर खोलून पडले होते आणि घरचा बंद.

"कूलरवाल्याच्या घरी कूलर नाई का?" मी विचारलं.

गफ्फारभाई म्हणाले, "गिऱ्हाइकाचा नंबर आधी लागते, भाऊ. घरचा नंबर दिवाळीत येईन."

जमीलाबाई म्हणाली, "भाभी म्हणत होती, लग्नाहून आली की मांडव तुमच्या घरावरही ओढू." एवढं बोलून ती चहा गाळू लागली.

घरी आलो तर हेमराज बॅग भरत होता. "बाबा, मांडव काढून टाकू. तुम्ही पुण्याले चला. एकट्यानं कसं होईन?"

"एकटा नाई मी," मी म्हटलं. "अन् मांडव काढायचा नाई, वाढवायचा आहे."

तो दोन दिवस जास्त राहिला. वारलूनं कुरखेड्याहून बांबू पाठवले. ते हेमराजनं आणि गफ्फारभाईंनी त्यांच्या बाजूला उभे केले. जमीलाबाईनं मशीनवर जाळीचे तुकडे जोडले. सुतक फिटल्यावरची पहिली पानं मी तोडली आणि एक तिच्या हातावर ठेवलं. यापेक्षा जास्त आभार मला मानता आले नाहीत.

जाळी ताणून बांधायची अजून राहिली आहे. जमीलाबाईच्या घरावर ऊन तसंच पडतं आहे.