डब्यांचा उपवास

बोरी अरबचा बाजार भरला होता आणि कांदे-वांग्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. सगळी गर्दी कमलाकरच्या सेवा केंद्रापुढे लोटली होती आणि माना वर करून माडीच्या सज्जाकडे बघत होती. तिथे पाटावर पिवळं कापड अंथरून इंटरनेटचा डबा मांडलेला होता. त्याच्या दोन्ही शिंगांना झेंडूच्या माळा होत्या, दिवे लुकलुकतात तिथे हळदकुंकू होतं, आणि बाजूला मोरपिसांचा कुंचा घेऊन साक्षात रेंजबाबा उभे होते.

"ॐ सिग्नलाय नमः," बाबा गर्जले. "ॐ टॉवराय नमः. भक्तहो, लहर ही देवी आहे. देवीला गोंगाट चालत नाही. आपापले मोबाईल बंद करा आणि मौन धरा. दुकानदारहो, तुमच्या घरच्या डब्यांनाही आरतीपुरता उपवास घडवा. भुकेला डबा दुसऱ्या डब्याचा हेवा करत नाही."

बाजारभर खटाखट बटणं बंद झाली. बियाण्याचं दुकान, सोनार, चहाचं हॉटेल, मोबाईलवाले, सगळ्यांचे डबे विझले. शंख वाजला, कुंचा फिरला, आरती झाली. आणि सकाळपासून मेल्यासारखं पडलेलं नेट खाली केंद्रात धो-धो सुरू झालं. पहिल्याच शेतकऱ्याचा अंगठा यंत्रानं घेतला तेव्हा गर्दीत जयजयकार झाला.

ते बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पोखरल्याचं वर्ष होतं. मदत हवी तर अंगठा, रेशन हवं तर अंगठा, निराधाराचं मानधन हवं तर आपण अजून जिवंत आहोत याचाही अंगठा. अख्खा तालुका अंगठ्यावर चालला होता. माणसं गावाला येणार ती बाजाराच्या दिवशी, आणि नेट मरायचं तेही नेमकं बाजाराच्या दिवशी. अशा वेळी मोरपिसानं नेट उठवणारा माणूस भेटला, तर त्याच्या पाया कोण पडणार नाही?

एक बाई पडली नव्हती. हायस्कुलात विज्ञान शिकवणारी सुनीती हातात पिशवी घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. यवतमाळच्या तिच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. त्यामुळे अर्ज-विनंतीवर तिचा विश्वास होता, नवसावर नव्हता. पण आज तिची पंचाईत झाली होती. चमत्कार खोटा असता तर हसून मोकळं होता आलं असतं. हा तर तिनं डोळ्यांनी पाहिला होता, नेट खरंच आलं होतं.

ती घरी निघणार तेवढ्यात बाबांनी कुंचा खाली रोखला.

"पण हे किती दिवस चालणार? लहरीला खाणारी बाई तुमच्या पायरीवरच बसली आहे."

कुंचा रोखला होता तो सुखीबाईवर. बंजारा तांड्यावरची ही म्हातारी दर बाजारी केंद्राच्या पायरीवर तुरीची डाळ घेऊन बसे. अंगात आरशांची कांचळी म्हणजे चोळी, कमरेला आरशांनी भरलेला फेटिया म्हणजे घागरा, डोक्यावर ओढणी, हातभर बलोयं म्हणजे पांढऱ्या बांगड्या. तिच्या वयाच्या बायाच आता असा पेहराव करत.

"बघा ते आरसे," बाबा म्हणाले. "लहर येते, आरशावर आपटते, उलट पावली परत जाते. ही आली की नेट जातं, ही गेली की येतं. खरं की खोटं?"

गर्दीनं आठवून पाहिलं. खरंच की. बाजाराच्या दिवशी सुखीबाई असते आणि नेट नसतं, इतर दिवशी सुखीबाई नसते आणि नेट असतं. हिशेब चोख बसला. मागून कोणीतरी हळूच तो शब्द उच्चारला, "डाकण." डाकण म्हणजे चेटकीण. तांड्यावर हा शब्द एकदा चिकटला की बाईला पाणी मिळत नाही, विस्तव मिळत नाही, आणि शेवटी राहायला जागाही मिळत नाही.

सुखीबाईनं डाळीचं मापटं खाली ठेवलं.

"सासूनं देल्ले आरसे हायत हे," ती म्हणाली. "आजलोक यायनं कोनाचं काई बिघडवलं नाई."

तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, पूनमसिंग गर्दीतच होते. पागोटं सावरत ते जड आवाजात म्हणाले, "पुढच्या बाजारी निकाल करू. तवरक तिनं इथं बसू नये."

ही म्हातारी दर आठवड्याला सुनीतीला डाळ मोजून देता देता रागवायची, वाळली किती म्हणून. म्हातारीला पुढच्या बाजारानंतर तांडाही उरणार नव्हता, आणि कारण काय, तर फेटियाचे आरसे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुनीती केंद्रात गेली. बाजार नसल्यामुळे कमलाकर निवांत बसला होता आणि नेट घोड्यासारखं पळत होतं.

"कमलाकरभाऊ, तुमचा डबा माडीवर काहून ठेवला?"

"घरमालकानं भिंतीले भोक पाडू देल्लं नाई, मॅडम. तार वरच येते. मंग तिथून हवेतून खाली घेतो."

"आणि बाजारातले बाकी डबे कोणी लावले?"

"म्याच." कमलाकरची छाती फुगली. "पह्यला बियान्यावाल्या शेठचा लावला. त्यायचं नेट असं पळे का बस. मंग सारे माह्या मागं लागले, शेठजीसारखाच लावून दे. शेठच्या डब्याले सहा नंबरचा चॅनल होता, म्हनून साऱ्यायले सहाच नंबर देल्ला. लकी नंबर हाय थो. तुमाले घरी पाह्यजे का?"

सुनीतीनं कपाळाला हात लावला. मग मोबाईलवर एक साधं अॅप उतरवलं. आसपासचा कुठला डबा कोणत्या नंबरवर बोलतो, ते त्यात दिसत होतं. पडद्यावर एकाच जागी, एकावर एक, उंटाच्या पाठीसारखी उंचवट्यांची चळत उभी राहिली. बाजारातले झाडून सारे डबे सहावर.

"भाऊ, हा नंबर म्हणजे वाट आहे. एका वाटेवरून एका वेळी एकच बैलगाडी जाते, बाकीच्यांनी थांबायचं. एरवी गाड्या थोड्या, म्हणून चालून जातं. बाजाराच्या दिवशी हजारभर माणूस येतो, निम्म्यांच्या खिशात मोबाईल, हॉटेलात नेट, सोनाराच्या कॅमेऱ्याला नेट, सगळे एकाच वाटेवर. तुमचा डबा बिचारा वर उभा राहून वाट पाहतो."

कमलाकरनं पडद्यावरचे उंट बोटानं मोजले.

"मंग बाबाचं कसं काय चालते?"

"बाबा आधी काय करायला लावतो?"

"मोबाईल बंद. डब्यायचा उपवास." कमलाकरचं तोंड उघडंच राहिलं. "आता समजलं. थो बाबा म्हंजे आपला रामलाल होय. आधी केबलचा धंदा करे, छतावर चढून डिश फिरवे. मले वाटलं बैरागी झाला असन."

"धंदा तोच आहे, फक्त आता कपडे भगवे आहेत."

तेवढ्या माहितीवर सुनीती तांड्यावर गेली. पूनमसिंगांनी खाटेवर बसायला सांगितलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. सुखीबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसली होती.

"नायकसाहेब, मी म्हणते म्हणून मानू नका. तो म्हणतो म्हणूनही मानू नका. भरल्या बाजारात ताडून पाहा."

पूनमसिंग म्हणाले, "आमच्या तांड्यात बकरीचा बी निकाल साक्षीबिगर होत नाई. ही तं बाई हाय. येतो मी."

पुढच्या बाजारी गर्दी दुप्पट होती. चमत्कारासोबत भांडण फुकट मिळत असेल तर कोण सोडेल? पूनमसिंग सुखीबाईला घेऊन पुढेच उभे होते. बाबा सज्जात आले, कुंचा उचलला आणि नेहमीचा हुकूम सोडला, "मोबाईल बंद. डब्यांचा उपवास."

"थांबा," खालून सुनीती म्हणाली. "आज डबे जेवलेले राहू द्या. मोबाईलही चालू असू द्या. लहरीची देवी तुमच्यावर प्रसन्न आहे, तिला एवढ्यानं काय होतं?"

"बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कोण घेतं? मी डब्याची घेते."

बाबांनी पूनमसिंगांकडे पाहिलं. नायक म्हणाले, "करा, बाबा. आमी पाह्यतो."

बाबांनी आरती केली. कुंचा फिरवला. मंत्रात दोन इंग्रजी शब्द जास्तीचे घातले. खाली केंद्रातल्या पडद्यावर ते गोल चक्र घाण्याच्या बैलासारखं फिरतच राहिलं.

"होणारच नाही," बाबा तडकले. "ती बाई समोर उभी आहे."

सुखीबाईला मोटारसायकलवर बसवून गावाबाहेर नाल्यापलीकडे नेलं. बाबांनी पुन्हा शंख फुंकला. चक्र फिरतच होतं. गर्दीत एकजण खोकला, दुसरा हसला.

"आता तिला परत आणा," सुनीती म्हणाली, "आणि माडीवर डब्याच्या पुढ्यात बसवा. सगळे आरसे डब्याकडे करून."

सुखीबाई बिचकत जिना चढली आणि डब्यापुढे मांडी घालून बसली. ऊन तिच्या फेटियावर पडलं आणि समोरच्या भिंतीवर कवडसे नाचू लागले. सुनीतीनं दुकानदारांना डबे बंद करायला आणि लोकांना मोबाईल बंद करायला सांगितलं. आरती नाही, शंख नाही, कुंचा नाही. बाजारभर बटणं खटाखट वाजली आणि खालून कमलाकर ओरडला, "आलं, आलं!"

"म्हणजे आरशानं काही अडत नाही," सुनीती म्हणाली. "अडतं ते गर्दीनं. सुखीबाई येते त्या दिवशी नेट जातं, खरं आहे. पण त्या दिवशी तुम्ही सगळेच येता. तुमच्यातल्या कोणाला मी डाकण म्हणू?"

सगळे डबे पुन्हा चालू झाले, मोबाईल चालू झाले आणि नेट परत मेलं. मग सुनीतीच्या सांगण्यावरून कमलाकरनं आपला डबा सहावरून अकरावर नेला. डबा क्षणभर विझला आणि पुन्हा पेटला. भरल्या बाजारात, सगळ्यांचं सगळं चालू असताना, केंद्रातलं नेट वाहू लागलं.

"पहिला अंगठा सुखीबाईचा," पूनमसिंग म्हणाले.

म्हातारी खाली आली. शेतात झिजलेला अंगठा तिनं ओढणीला पुसला आणि यंत्रावर टेकवला. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. सुखीबाई जिवंत असल्याचं सरकारनं मान्य केलं. ती मात्र रडायला लागली, आणि सुनीतीलाही आपलं रडू आवरेना.

बाबा एव्हाना जिन्यानं उतरून कडेकडेनं निघाले होते. पूनमसिंगांनी हाक मारली.

"रामलाल, या बाईची माफी माग. मंग जा."

रामलालनं माफी मागितली. मोरपिसांचा कुंचा तिथेच राहिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाव म्हणजे गाव. पुढच्या बाजारी सकाळीच नेट पुन्हा मेलं. सुनीती धावत आली, मोबाईल उघडला आणि पायरीवरच बसली. सगळे उंट सहावरून उठून अकरावर जाऊन बसले होते.

"भाऊ, हे काय?"

कमलाकर ओशाळला. "काय करू, मॅडम. आठवडाभर सारे मागं लागले. अकरा शुभ हाय म्हनत, एकानं सुरू होते म्हनत. शेठनं बी बदलवला, मंग तं बाकीचे आयकतेत थोडी?"

"कपाशीचं बी असंच," मागे उभे असलेले पूनमसिंग शांतपणे म्हणाले. "एकाचं साधलं म्हनून साऱ्या शिवारानं थेच लावलं. अळीले मंग कुठं बी जा लागलं नाई, एका घरून दुसऱ्या घरी सरळ वाट."

बोलणं चालू असतानाच सुनीतीच्या लक्षात आलं की काही माणसं पायरीकडे पाहत आहेत. सुखीबाई तिथे नेहमीसारखी डाळ घेऊन बसली होती. सवय मोठी वाईट असते. एका बाबाला पळवून लावलं तरी बोट कोणाकडे दाखवायचं हे हातांना पाठ झालेलं असतं.

सुखीबाईनंही त्या नजरा पाहिल्या. या वेळी तिनं पदर तोंडाला लावला नाही. मापटं बाजूला ठेवून ती उभी राहिली, आरसे खळखळले.

"माह्याकडं कायले पाह्यता?" ती म्हणाली. "कोन कोन अकरावर गेला, हात वर करा."

आधी सोनारानं अर्धा हात वर केला. मग हॉटेलवाल्यानं, मग मोबाईलवाल्यांनी, आणि सगळ्यात शेवटी खाली मान घालून शेठनं.

सुनीतीनं त्याच पायरीवर उभं राहून त्यांना वाटून दिलं. कोण एकवर, कोण सहावर, कोण अकरावर, कारण या तीनच वाटा एकमेकींना घासत नाहीत. शेजारच्या दोन दुकानांना एक नंबर नाही. जिथे तार पोचते तिथे हवेतून कशाला, तार लावा, म्हणजे वाट मोकळी होईल. घरमालकानंही मुकाट्यानं भिंतीला भोक पाडू दिलं. यात मंत्र नाही, नवस नाही, फक्त शेजाऱ्यानं शेजाऱ्याला विचारण्याची गोष्ट होती.

वाचकहो, तुमच्या गावात काही बिघडलं आणि कोणी तुम्हाला एखाद्या बाईचं नाव सांगितलं, तर एवढंच करा. त्या दिवशी आणखी काय काय बदललं होतं ते आधी विचारा. एकेक गोष्ट बंद करून, चालू करून, स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. आणि त्या बिघाडात आपला हात किती, हेही बघा. बाईला नंतर शोधा, म्हणजे शोधावंच लागणार नाही.

संध्याकाळी बाजार उठला तेव्हा सुखीबाईची डाळ संपत आली होती. शेठनं स्वतः येऊन शेवटची दोन मापटी घेतली आणि तिनं ती त्याला शीग न लावता, हात राखून मोजून दिली.