निम्मी जांभळं

डॉक्टरांनी सुनंदाला विचारलं, "माताजी, पति का नाम क्या है?" ती पदराशी चाळा करत राहिली. मीच घाईघाईने म्हणालो, "हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं, साहब." डॉक्टर हसले. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. बेचाळीस वर्षं मी, श्रीरंग, तिच्यासाठी नुसता 'अहो' होतो. पण घरी गाझियाबादला परतताना मनात आलं. हिला नाव घ्यायचं नव्हतं, की आठवतच नव्हतं?

निघताना मी फळांचं विचारलं होतं. आमच्या लेकीने, मैत्रेयीने, पुण्याहून लेख पाठवला होता: गडद रंगाची फळं खाणाऱ्यांची स्मरणशक्ती कदाचित जास्त टिकते. डॉक्टर म्हणाले, "खिलाइए, पर चमत्कार मत ढूँढिए." नोकरीत जन्मभर मी फायलींमधला 'कदाचित' खोडत आलो. आता त्यालाच धरून बसलो.

जून संपताना कोपऱ्यावर जांभळांची हातगाडी आली. रोज सकाळी मी जांभळं धुऊन, बिया काढून, मीठ लावून वाटी तिच्यापुढे ठेवायचो आणि म्हणायचो, "नाव घे बघू." आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिच्या उखाण्यांसाठी बायका थांबून राहायच्या. माझं नाव तिच्या तोंडी यायचं ते तेवढंच. आता ती जांभळं खायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. दिवसभर घरात माझाच आवाज. मी चिडायचो, मग चिडल्याची लाज वाटायची. फार एकटं वाटायचं, दुसरं काय!

हंगाम संपता संपता एका सकाळी तिने वाटी उचलली, पदर सारखा केला आणि चक्क लाजून म्हणाली,

"टपोऱ्या जांभळांनी भरली वाटी,
निम्मी राखून ठेवते श्रीरंगरावांसाठी!"

लहान पोरासारख्या मी टाळ्या पिटल्या. डोळे भरून आले. मैत्रेयीला फोन करायचा होता, डॉक्टरांना सांगायचं होतं. पण आधी मी हात पुढे केला. "आण माझी निम्मी!"

तिने वाटी झटकन पदराखाली घेतली.

"तुम्हाला नाही हं, भाऊ. हे ऑफिसातून आले की त्यांना द्यायची आहेत."

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिने एक जांभूळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "एकच घ्या. ह्यांना सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणालो, आणि ते खाल्लं.