बारक्याची टाच

सकाळचं पहिलं पाऊल जमिनीवर टेकलं की बारक्याच्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकायचं. मग तो भिंत धरून, दात आवळून, बोटांवर तोल सांभाळत मोरीपर्यंत जायचा. थोडं चालल्यावर खिळा बोथट व्हायचा, दिवसभर बोथटच राहायचा, आणि दुपारी जेवून उठला की पुन्हा धार लावून हजर. तळपायाची आग मस्तकात जाते असं लोक रागाबद्दल म्हणतात. बारक्याला राग आलेला नसतानाही ती रोज जायची.

बारक्या न्हावी होता, पन्नाशीला टेकलेला. या वयाच्या माणसाला बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस, त्याचा थोरला भाऊ. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मधे प्लायवूडची भिंत, एवढ्यात दोघांचा संसार. दादाची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं, आणि बारक्याचं लग्न आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं. हातात वस्तरा धरायला त्याला दादानेच शिकवलं. चुकलं की कंगव्याने बोटांवर मारायचा आणि संध्याकाळी त्याच बोटांना तेल लावून द्यायचा.

दादाचं एक वाक्य ठरलेलं होतं. गिऱ्हाईक गप्प म्हणजे वस्तरा बरा. वस्तऱ्याखाली माणूस डोळे मिटून गप्प पडला की समजायचं, काम चांगलं चाललंय, उगीच विचारपूस करून त्याला हलवायचं नाही. बारक्याने हे इतकं घोटून घेतलं होतं की दुकानाबाहेरही तो सगळ्यांशी तसाच वागायचा.

दादाला लकवा मारला तो दुकानातच, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना. उजवं अंग गेलं. गिऱ्हाइकाला मात्र ओरखडासुद्धा उठला नाही, आणि जीभ जरा वळायला लागल्यावर दादाने पहिली बढाई मारली ती हीच. तेव्हापासून तो मागच्या खोलीत पलंगावर होता. साखरेचा आजार आधीपासून होताच. डॉक्टरांनी बजावलं होतं की याला एका कुशीवर फार वेळ ठेवू नका, कातडी खराब होते. सुरुवातीला बारक्या घड्याळ लावून उठायचा. मग दादाच म्हणाला, मी जागाच असतो, तू कशाला घड्याळाच्या मागे लागतोस, मी ठोकीन. डाव्या हाताशी कंगवा ठेवलेला असायचा. एकदा ठोकलं की पाणी, दोनदा ठोकलं की लघवीची बाटली, तीनदा ठोकलं की कूस बदलायची. प्लायवूडच्या भिंतीवर आवाज छान वाजायचा. दुकानात गिऱ्हाईक असो की रात्रीचा कुठलाही प्रहर असो, बारक्या जायचा.

अशात बारक्याची टाच धरली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

वस्तऱ्याखाली गप्प बसणारी माणसं कात्रीखाली मात्र भलती बोलकी होतात. बारक्या लंगडतोय म्हटल्यावर प्रत्येक डोक्यातून एक औषध निघालं. कुणी म्हणालं गरम विटेवर टाच शेका, कुणी म्हणालं गरम अजिबात नको, बर्फाची बाटली पायाखाली फिरवा. एकाने एरंडेल चोळायला सांगितलं. एकाने गवतावर अनवाणी चालायला सांगितलं, तर त्याच्याच शेजारी नंबर लावून बसलेला म्हणाला की अनवाणी चाललात तर कायमचे बसाल. बारक्याने सगळं केलं. मऊ तळव्याच्या चपला घेतल्या, त्या बघून दादा हसला आणि म्हणाला की आजीसारखा दिसतोस.

शेवटी डॉक्टरकडे गेला. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजलाय, असं डॉक्टरने सांगितलं आणि उभं राहणं कमी करा म्हणाला. न्हाव्याने उभं राहणं कमी करायचं म्हणजे माशाने पोहणं कमी करायचं. व्यायाम शिकवणारी बाई जरा कामाची निघाली. तिने सांगितलं की पलंगावरून उतरण्याआधी पंचा पायाच्या बोटांत अडकवून तळवा हळूहळू ताणा, मगच पाऊल टाका. आणि रात्रीची झोप सलग हवी. रात्री जरा सांधत येतं, तुम्ही झोपेतून उठून घाईने पाऊल टाकलंत की पुन्हा फाटतं, मग बरं व्हायचं कधी, असं ती म्हणाली.

बारक्याने घरी येऊन हे दादाला हसत हसत सांगितलं. हसण्यात थोडी तक्रारही होती, ती लपली नाही.

व्यायाम चालू केले, पण रात्री तीन ठोके पडले की पंचा बाजूलाच राहायचा. दादा एका अंगावर दबून पडलेला असताना इकडे पाय ताणत बसायचं कसं? तो तसाच उतरायचा आणि खिळा आत जायचा. एका सकाळी दुकानात दाढी करता करता पायातून अशी कळ उठली की वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानाला लागला. रक्त थोडंच आलं, तुरटी लावली, गिऱ्हाईक भला माणूस होता. बारक्या मात्र घाबरला. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर दोघांनी खायचं काय?

त्या दुपारी त्याने ताईला फोन केला. ताई दोघांच्या मधली, दुसऱ्या गावात असायची. तिने केव्हापासून एक संस्था बघून ठेवली होती, अशा माणसांना सांभाळणारी. बारक्या आजवर तो विषयच काढू देत नव्हता, कारण दादाला ती संस्था माहीत होती. लकवा मारायच्या आधी कित्येक वर्षं तोच तिथे जाऊन सगळ्यांच्या दाढ्या करून यायचा. परत आला की जेवायचा नाही. तिथे माणसाचं तोंड तेवढं स्वच्छ असतं बघ, एवढंच म्हणायचा.

त्या दुपारी बारक्याने स्वतःच विषय काढला. दुकान रिकामं होतं, दादा झोपला असेल म्हणून तो मोकळेपणी बोलला. "टाच अशीच राहिली तर ठेवावंच लागेल गं त्याला. मी पडलो तर दोघांना कोण बघणार?" ताई म्हणाली, महिनाभर बघ, मग ठरवू.

फोन ठेवून तो मागे गेला तेव्हा दादाचे डोळे उघडे होते. बारक्याने त्याच्याकडे बघितलं आणि मनाशी म्हटलं, याने काही ऐकलं नसेल. ऐकलं असतं तर बोलला असता.

त्यानंतर ठोके कमी झाले. आधी रात्रीचे गेले. बारक्याला पहिल्यांदा सकाळी जाग आली तेव्हा तो दचकून मागच्या खोलीत गेला, तर दादा शांत पडलेला. झोप लागली चांगली, दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. दादाच्या डॉक्टरने त्याला नवीन गोळी दिली होती, तिनेच झोप लागत असेल असं बारक्याने धरलं. दुपारचे ठोकेही विरळ झाले. बाटली दादा डाव्या हाताने स्वतःच घ्यायला शिकला. आता कूस बदलायची ती सकाळी अंग पुसताना आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर.

आणि टाच बरी व्हायला लागली. खोटं कशाला सांगा, बारक्याला स्वर्ग दोन बोटं उरला. सकाळी तो निवांत पलंगावर बसायचा, पंच्याने तळवा ताणायचा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायचा, मग पाऊल टाकायचा. खिळ्याचा टाचणीएवढा ठणका झाला आणि पुढे तोही नाहीसा व्हायला लागला. ज्याला दुखलंय त्यालाच कळेल की न दुखणारं पाऊल काय असतं. तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागला, चहा घेऊन यायला स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊ लागला. ताईला फोन करून त्याने सांगितलं की संस्थेचं राहू दे, टाच सुधारतेय. हे मात्र तो मुद्दाम मोठ्याने बोलला.

दादाही खुशीत दिसायचा. त्याला नटायची हौस आली होती. बारक्या त्याची दाढी रोज करायचाच, त्यात कधी खाडा नाही. आता दादा म्हणायचा, लोशन जरा जास्त लाव, चादरीवरही शिंपड, दुकानात बसल्यासारखं वाटतं. बारक्या हसून शिंपडायचा. अंग पुसताना दादा म्हणायचा की पायात गारठा भरतो, मोजे राहू दे. मग बारक्या मोजे राहू द्यायचा. येणारे-जाणारे दाराशी डोकावून म्हणायचे, काय तुकतुकीत दिसतोय तुझा भाऊ, काळजी घ्यावी तर अशी. बारक्याला ते ऐकून बरं वाटायचं.

महिना भरायच्या आतच ताई आली. न कळवता, पिशवीत फळं घेऊन. दुकानातून मागे गेली आणि खोलीच्या दारातच थांबली.

"वास कसला येतोय?" तिने विचारलं.

लोशनचा, असं बारक्या म्हणाला. त्याला खरंच दुसरा कुठला वास येत नव्हता. उभा जन्म त्याच वासात गेलेला माणूस तो. ताईने पिशवी खाली ठेवली, पलंगाशी गेली आणि पायावरची चादर काढली. दादा डाव्या हाताने चादर धरून ठेवायला बघत होता. नको गं, नको, म्हणत होता. उजव्या पायाचा मोजा टाचेला चिकटून बसला होता. कोमट पाण्याने भिजवून भिजवून ताईने तो सोडवला, तेव्हा टाच अशी काही उरलीच नव्हती. काळं पडलेलं मांस होतं आणि आत खोलवर काहीतरी पांढरं दिसत होतं. ताई बाहेर जाऊन ओकली. बारक्या तिथेच उभा राहिला, दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकवून.

इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला. मोठे डॉक्टर फार बोलले नाहीत. गादीवर एकाच जागी टाच दाबून राहिली की असं होतं, त्यात साखर, विष रक्तात गेलंय, बघू, म्हणाले. तुम्ही याला वळवत नव्हता का, असं नर्सने विचारलं.  बारक्या काय सांगणार? ठोकलं नाही म्हणून गेलो नाही, असं? गिऱ्हाईक गप्प होतं, असं?

दुसऱ्या दिवशी दादाला शुद्ध आली. बारक्या स्टूल ओढून जवळ बसला.

"का नाही ठोकलंस?"

दादाने मान त्याच्याकडे वळवली. मग जड जिभेने एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सकाळी तू शीळ घालायला लागला होतास. लहानपणी घालायचास तशी. म्हटलं, राहू दे."

"पाय गेला रे दादा तुझा."

"तो कुठे माझा होता. तुझा चालायला पाहिजे, बारक्या. तुझा चालला तर मी घरी."

आपण शीळ घालत होतो हे बारक्याला माहीतच नव्हतं. त्याने दादाचा डावा हात धरला आणि तो रडला, लहान पोरासारखा, सगळ्या वॉर्डासमोर. संस्थेत नाही ठेवणार, घरी नेतो, असं परत परत सांगत राहिला. दादा हो हो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. घरी जायचं मात्र त्याच्या नशिबात नव्हतं. ताप उतरलाच नाही. दोन-तीन दिवसांत तो गेला.

शेवटची दाढी बारक्याने केली. मग इस्पितळाच्या माणसाला बाजूला सारून सगळं अंगही त्यानेच पुसलं, गळा, छाती, पाठ, काखा, मांड्या. उरलेल्या पायाची टाच त्याने हातात घेऊन उजेडाकडे वळवून बघितली. ती धड होती. तिलाच तो किती तरी वेळ पुसत बसला, शेवटी ताईने हात धरून त्याला उठवलं.

दुकान पुन्हा उघडलं. रात्री आता कुणी उठवत नव्हतं, मागच्या खोलीत फेऱ्या नव्हत्या, आणि टाच पूर्ण बरी झाली. बारक्या पंचा न लावता, पाय न ताणता, जाणूनबुजून दाणकन पाऊल टाकायचा. काही दुखायचं नाही. दुखावं म्हणून तो अनवाणी उभा राहायला लागला, फरशीवर, दिवसभर. तरी नाही.

एक दिवस शाळेतले मास्तर दाढीला आले. दारातून खुर्चीपर्यंत येताना बोटांवर तोल सांभाळत होते. खुर्चीत बसून त्यांनी हुश्श केलं आणि टाचेचं गाऱ्हाणं मांडलं. वर्ष झालं म्हणाले, सकाळी उठायची भीती वाटते, फळ्यापाशी उभं राहवत नाही. बारक्या त्यांच्या गालाला फेस लावत होता.

"तुम्ही पण लंगडायचात की मागे," मास्तर म्हणाले. "आता तर अनवाणी फिरताय. कुणाचं औषध लागू पडलं?"

"भावाचं."

"डॉक्टर आहे का भाऊ?"

"नाही. न्हावी होता."

मास्तरांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. औषधाच्या आशेने त्यांचा चेहरा उजळला होता. "मग काय केलं त्यांनी? मलाही सांगा ना."

बारक्याने ब्रश खाली ठेवला.

"त्यानं मला उठवलं नाही," तो म्हणाला.