गिरणीच्या वाटेची परवानगी

पेनिंगफर्डच्या आसपास फिरायला अकरा वाटा आहेत आणि गावच्या पत्रकात त्यातल्या दहांपुढे 'सोपी' असं छापलंय. त्या पत्रकावर विश्वास ठेवू नये. ते लिहिलं गिलियन स्पर्लिंगनं, आणि त्या बाईला सत्तराव्या वर्षीही टेकडी दिसली की स्फुरण चढतं. तीन कुंपणं चढून उतरायची, ओढ्यात बूट भिजवायचे आणि शेवटी कुणाच्या तरी बैलाची समजूत काढायची, ही तिची सोपी वाट. खरोखर सोपी अशी एकच. चर्चच्या मागून निघते, नदीच्या काठाकाठानं जुन्या गिरणीवरून जाते आणि 'तीन बदकं' पबच्या मागच्या अंगणात संपते. पाऊण मैल, सगळी सपाट, वाटेत एकही कुंपण नाही.

पोस्टातून निवृत्त झालेल्या म्युरिएल टॅपस्कॉटबाई चोवीस वर्षं दर गुरुवारी या वाटेनं मंडळी घेऊन जात होत्या. मंडळी म्हणजे बारा-चौदा म्हातारे आणि दोन कुत्रे. त्यांचा नवरा क्लेमंट आधी गटाच्या पुढे असायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून तो चाकांचा वॉकर ढकलत सगळ्यांच्या मागून यायचा. त्याला तासभर लागे. पबमध्ये अर्धा पाइंट बिअर घेऊन तो कुणाच्या तरी गाडीतून घरी जाई. सोमवार ते बुधवार त्याच्याशी बोलायची सोय नसे, पण बुधवारी संध्याकाळी बूट पुसायला घेतले की स्वारी माणसात यायची.

वाट जायची एमस हरेलच्या शेतातून. हरेल म्हणजे एकटा, तिरसट म्हातारा. तो नाताळात वारला, शेत लंडनच्या मिस्टर थॅकरेंनी घेतलं आणि मार्चमध्ये चर्चमागे एक फाटक उभं राहिलं. फाटकाला कुलूप, त्यावर पाटी: खाजगी. थॅकरे तसा वाईट माणूस नव्हता. तो शांतता विकत घ्यायला आला होता, आणि त्याच्या खिडकीखालून दर गुरुवारी चौदा म्हातारे आपापल्या गुडघ्यांविषयी मोठमोठ्यानं बोलत जात होते.

बाकीच्यांनी गिलियनच्या वाटा धरल्या. क्लेमंटला कुंपण चढणं शक्य नव्हतं, आणि गावचा रस्ता अरुंद, दुधाचे टँकर अंगाला घासून जाणारे. तो गुरुवारी खिडकीत बसू लागला. एका गुरुवारी त्यानं दाढी केली नाही. मग बाकीच्या दिवशीही करेना. पाय चालता ठेवला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. म्युरिएलबाईंना पायापेक्षा त्या दाढीची धास्ती वाटत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा माणूस बिनदाढीचा, म्हणजे बिन केलेल्या दाढीचा, कधी बघितला नव्हता.

गिलियन मात्र हातावर हात धरून बसणाऱ्यातली नव्हे. तिनं गावच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं, चहा केला आणि फॉर्म वाटले.

"कायदा आपल्या बाजूनं आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं उघडपणे चालत आले, कुणी अडवलं नाही आणि कुणी परवानगी घेतली नाही, की वाट गावाची. मालक बदलो, काही होवो. भरा फॉर्म. म्युरिएल, तुझा फॉर्म सगळ्यात वजनदार हं. नीट अक्षरात लिही."

म्युरिएलबाईंनी सहा प्रश्नांची उत्तरं पोस्टातल्या अक्षरात लिहिली. सातवा होता: आपण जमीनमालकाकडे कधी परवानगी मागितली होती काय? त्यांनी पेनाला टोपण लावलं, फॉर्मची घडी घातली आणि चहा अर्धा टाकून घरी आल्या.

कारण त्यांनी परवानगी मागितली होती. एकदा नव्हे, चोवीसदा. दर एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी कडू संत्र्यांच्या मुरंब्याची बरणी घेऊन त्या हरेलच्या मागच्या दारी जात आणि म्हणत, "मिस्टर हरेल, यंदाही आम्ही तुमच्या शेतातून गेलो तर चालेल ना?" आमच्याकडे पाय आपला तुडवला गेला तरी माफी आपणच मागतो. त्यात म्युरिएलबाईंना आईनं वाढवलंच असं की दुसऱ्याच्या जमिनीवर न विचारता पाऊल टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

"म्हणजे तुझ्या सभ्यपणानं माझी वाट लावली," क्लेमंट म्हणाला.

"हसू नकोस रे. मी काय लिहू ते सांग."

"जे केलंस ते लिही."

"मग वाट जाईल."

"जाऊ दे. खोटं लिहून मिळालेल्या वाटेवर मला चालवणार नाही. तसंही मला धड चालवत नाहीच." एवढं बोलून तो पुन्हा खिडकीकडे वळला. म्युरिएलबाईंना त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भडभडूनही आलं.

म्युरिएलबाईंनी गिलियनला फोन करून सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली ती तणतणतच. "सातवा कोरा ठेव. कोरा म्हणजे खोटं नव्हे."

"कोरा म्हणजे घाबरट खोटं."

"अगं बाई, चाळीस लोकांनी 'नाही' लिहिलंय! तू सगळ्यांच्या वतीनं विचारत होतीस हे कळलं तर त्यांचेही फॉर्म रद्दी. देवानं तुला जीभ दिली ती गप्प बसायलाही उपयोगी पडते."

म्युरिएलबाईंनी तिच्यासमोरच शाईनं 'होय' लिहिलं. गिलियननं आठ दिवस अबोला धरला. तिला ओळखणाऱ्यांनी त्या आठ दिवसांची आठवण अजून जपून ठेवली आहे.

कचेरीचं काम कचेरीच्या चालीनं चाललं. उन्हाळा गेला, नाताळ गेला, आणि पुढच्या फेब्रुवारीत जिल्हा कचेरीच्या मिसेस ऑडली चौकशीला आल्या. सर्दीनं नाक लाल झालेल्या, जाडजूड बाई. सभागृह भरलं होतं. क्लेमंटला पुतण्यानं गाडीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं. दाढी केली होती, पण हनुवटीखालची एक पट्टी सुटली होती.

थॅकरेच्या वकिलानं म्युरिएलबाईंना उभं केलं आणि सातवा प्रश्न वाचून दाखवला.

"तुम्ही मिस्टर हरेलकडे दरवर्षी परवानगी मागत होता?"

"हो."

"सगळ्या गटाच्या वतीनं?"

"हो."

"झालं तर," वकील म्हणाला. "ही मंडळी मालकाच्या मेहेरबानीनं चालत होती. आणि मेहेरबानी करणाऱ्याबरोबर संपते." तो खाली बसला. मागच्या रांगेत गिलियननं डोळे मिटून घेतले.

मिसेस ऑडलींनी नाक शिंकरलं. "टॅपस्कॉटबाई, बसू नका. तुम्ही विचारलंत. मग ते काय म्हणाले?"

म्युरिएलबाई लाजल्या. "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

"बोला. इथे बोललंच पाहिजे."

"फार उद्धट होते हो. माझ्या हातातली बरणी घ्यायचे आणि म्हणायचे, 'बाई, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी ऐकलं नाही.' आणि दार धाडकन लावायचे."

"दरवर्षी?"

"चोवीस वर्षं. मला वाटलं, तोंडी विचारलेलं आवडत नसेल, म्हणून एकदा पत्र पाठवलं. ते न फोडता परत आलं. वर लिहिलं होतं, 'मला या विषयावर पत्र पाठवू नये.' मी फार रडले होते त्या दिवशी. चांगला मुरंबा असायचा माझा."

"त्यांनी 'जा' असं कधी म्हटलं?"

"कधीच नाही."

"'जाऊ नका' असं?"

"नाही. आम्ही गेलो की शेतातून बघत उभे असायचे. एकदा नदीला पूर आला होता, तर दुसऱ्या दिवशी वाटेवर खडी टाकलेली दिसली."

मिसेस ऑडली लिहायच्या थांबल्या. "हे हरेल ग्रामपंचायतीत होते का कधी?"

"तीस वर्षं," गिलियन मागून म्हणाली. "वाटांचं सगळं काम त्यांच्याकडेच होतं." आणि बोलता बोलता तिनं डोळे उघडले.

"मग त्यांना कायदा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला माहीत होता," मिसेस ऑडली म्हणाल्या. "टॅपस्कॉटबाई, ते एकदा जरी 'हो' म्हणाले असते, तर ती मेहेरबानी ठरली असती आणि त्यांच्याबरोबर गेली असती. 'नाही' म्हणाले असते तर वाट तेव्हाच बंद. त्यांनी चोवीस वर्षं दोन्ही म्हटलं नाही. दार लावत राहिले."

वकील उठला. बरणी घेतली म्हणजे परवानगी दिली असंच धरावं, असं त्याचं म्हणणं पडलं. मुरंब्याचा कायदा आपण शिकलो नाही, असं मिसेस ऑडली म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा नाक शिंकरलं.

म्युरिएलबाईंना खुर्ची कुणी दिली ते कळलं नाही. हरेलच्या दफनाच्या दिवशी चर्चबाहेर त्या चारचौघींना म्हणाल्या होत्या की माणूस मेला, पण त्याच्या तोंडून एक गोड शब्द ऐकला नाही. त्या चारचौघी आता त्यांच्याकडेच बघत होत्या.

निकाल जूनमध्ये लागला. कुलूप निघालं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी चर्चमागे नेहमीच्या चौदांऐवजी एकतीस माणसं जमली. क्लेमंटनं बुधवारी रात्रीच बूट पुसून दारात ठेवले होते. पाय वर्षभरात आणखी जड झाला होता. दहा पावलं टाकायची, वॉकरवर रेलायचं, पुन्हा दहा. कुणी त्याच्या पुढे गेलं नाही. गिलियनला सावकाश चालायची सवयच नाही. ती त्याच्या मागे, ब्रेक लावलेल्या मालगाडीसारखी, कुरकुरत येत होती, पण येत होती.

गिरणीपर्यंत दीड तास लागला. हरेलचं मागचं दार वाटेवरून दिसतं. थॅकरेनं त्याला हिरवा रंग दिलाय. तिथे क्लेमंट दम खायला थांबला, आणि म्युरिएलबाई त्या घराच्या कुंपणापाशी गेल्या. त्यांना धन्यवाद म्हणायचं होतं, माफी मागायची होती, त्या दफनाच्या दिवशीचं बोलणं परत घ्यायचं होतं. पण त्या नुसत्याच कोटाची बटणं चाचपत राहिल्या.

"मिस्टर हरेल," त्या शेवटी म्हणाल्या, "आम्ही..."

"म्युरिएल," क्लेमंट मागून म्हणाला, "आता तरी त्या बिचाऱ्याला काही विचारू नकोस. आपलं सगळं घालवशील."

त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि एकतीस माणसं नदीकडे बघत उभी राहिली. मग क्लेमंटनं वॉकरचा ब्रेक सोडला आणि म्हणाला, "चल. अजून अर्धी वाट आहे आणि पब दोनला बंद होतो."